घरातली आपत्कालीन तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपत्कालीन तयारी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ठासून भरलेली एक बॅग येते. बॅग हवीच, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण बहुतेक घरांत मेन स्विच, गॅस, कागदपत्रं, औषधं यांची खडान्‌खडा माहिती एकाच माणसाला असते, आणि संकट काही त्याच्या सोयीने येत नाही. ते एकाच डोक्यात अडकलेलं सगळ्यांना माहीत करून देणं, हे या कामातलं निम्मं काम आहे असं मला वाटतं.

सुरुवात नेमकी कुठून करायची? यादी खूप मोठी वाटते.

खरेदीपासून करू नका. एका सुट्टीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना घेऊन घरभर फिरा. विजेचा मेन स्विच कुठे आहे, गॅस कुठून बंद होतो, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कोणता, हे दाखवा. नुसतं बोट दाखवून भागत नाही, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एकदा बंद-चालू करून बघायला हवं. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह गंजून घट्ट झालेला असतो आणि ते हात लावल्याशिवाय कळत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. एका रात्री आमच्या घराच्या पायरीपर्यंत पाणी आलं तेव्हा मी परगावी होते आणि घरी आई एकटी. मेन स्विच बंद कर, असं मी तिला फोनवर सांगत होते. "दाराच्या मागे, वरच्या पेटीत, डावीकडचा मोठा..." एवढं बोलेपर्यंत फोन तुटला. पेटीत एका रांगेत आठ बटणं होती आणि एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी शेजारच्या मुलाने येऊन बंद केला, कारण वायरमन आला असताना तो शेजारी उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बटणावर लाल पट्टी चिकटवली आणि बाकीच्या प्रत्येकाखाली खोलीचं नाव लिहिलं. खर्च काही नाही, वेळ दहा मिनिटं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. तुम्ही पाण्यात उभे असाल किंवा बोर्ड ओला झाला असेल तर मेन स्विचला हात लावायचा नाही. तो बंद करायचा तर पाणी घरात शिरण्याआधी.

किती दिवसांची तयारी ठेवावी?

कमीत कमी तीन दिवसांची. मोठ्या आपत्तीत रस्ते तुटतात, मदत पथकं आधी जिथे जीव अडकलेत तिथे जातात, आणि सुखरूप असलेल्या घरापर्यंत कोणी पोचायला वेळ लागतो. घरातच थांबता येणार असेल तर एक-दोन आठवड्यांचा साठा असलेला बरा, पण तो एकदम भरू नका. नेहमीच्या खरेदीत दर वेळी एखादी वस्तू जास्तीची आणत गेलात तरी काही महिन्यांत साठा होतो.

पाणी किती साठवायचं?

पिण्यासाठी आणि जेमतेम स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला तीन ते चार लिटर. चार माणसांना तीन दिवसांसाठी साधारण ३६ ते ४८ लिटर झाले. उन्हाळा, तान्हं बाळ, अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस यांच्यासाठी जास्त धरा. वापरायचं पाणी वेगळं. वादळाचा किंवा पुराचा इशारा मिळाला की बादल्या, टब, मोठी पातेली, जे असेल ते भरून ठेवा. नळ बंद झाल्यावर संडासात ओतायला तेच पाणी उपयोगी पडतं.

साठवणीचं पाणी खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेल्या, झाकणाच्या, स्वच्छ धुतलेल्या कॅनमध्ये ठेवा. दुधाची प्लॅस्टिकची बाटली वापरू नका. कितीही धुतली तरी दुधाचा अंश राहतो आणि पाणी नासतं. रसायनं किंवा कीटकनाशकं भरलेला कॅन तर कधीच नको. कॅनवर भरल्याची तारीख लिहा आणि दर सहा महिन्यांनी पाणी बदला.

साठवलेलं संपलं आणि नळाला गढूळ पाणी आलं तर?

आधी थोडा वेळ निवळू द्या, मग स्वच्छ कापडाच्या चार पदरांतून गाळा. नंतर उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्यायचं, आणि समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच राहत असाल तर तीन मिनिटं.

उकळायची सोय नसेल तर घरगुती ब्लीच चालतं, पण ते साधं हवं. वास, रंग किंवा फेस येणारं काही मिसळलेलं नको. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट सुमारे ५ ते ६ टक्के लिहिलेलं असेल तर लिटरला दोन थेंब, पाणी तरीही गढूळ असेल तर चार. ढवळून अर्धा तास झाकून ठेवा. त्यानंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. क्लोरीनच्या गोळ्या मिळत असतील तर त्या जास्त सोयीच्या, फक्त पाकिटावरचं प्रमाण पाळा. डिझेल, पेट्रोल किंवा रसायन मिसळल्याची शंका असलेलं पाणी उकळूनही पिण्याजोगं होत नाही आणि ब्लीच टाकूनही नाही, ते ओतूनच द्या.

जुलाब सुरू झाले आणि औषधाचं दुकान बंद असेल तर?

पुरानंतर हे हमखास होतं, म्हणून ओआरएसची पाकिटं बॅगेत असू द्या. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं, तेव्हा अंदाजाने टाकू नका. चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेका. मूल मलूल पडलं, लघवी थांबली, शौचातून रक्त आलं किंवा काहीच पोटात टिकेना, तर घरच्या उपायांवर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

खायला काय ठेवावं?

घरातले लोक एरवीही खातात असंच काहीतरी, जे शिजवावं लागत नाही आणि फ्रिजशिवाय टिकतं. ज्याने खूप तहान लागते असं फार खारट नको. डबाबंद पदार्थ ठेवत असाल तर हाताने चालणारा डबा उघडायचा चाकूही त्याच पिशवीत ठेवा. बाळाचं दूध पावडरचं असेल तर तेवढं पाणी वेगळं मोजा.

वीज गेल्यावर फ्रिजमधलं किती वेळ टिकतं?

दार उघडलं नाही तर फ्रिजमधलं सुमारे चार तास. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. सारखं दार उघडून बघण्यानेच सर्वांत लवकर नासतं. दूध, मांस, अंडी, शिजवलेलं अन्न चार तासांहून जास्त वेळ थंडाव्याशिवाय राहिलं असेल तर टाकून द्या. चाखून बघू नका. बिघडलेल्या अन्नाला दर वेळी वास येतोच असं नाही, आणि दवाखान्यात जाता येत नसताना अन्नातून विषबाधा झाली तर ती फार महागात पडते.

बॅगेत नेमकं काय भरायचं?

घर सोडावं लागलं तर एका हाताने उचलून पायी चालता येईल एवढीच बॅग. उचलून जिना उतरून बघा, जमत नसेल तर सामान कमी करा.

तीन दिवसांची औषधं, पाण्याच्या बाटल्या, कोरडं खाणं, टॉर्च आणि जादा सेल, सेलवर चालणारा रेडिओ, पॉवर बँक आणि केबल, शिट्टी, प्रथमोपचाराचं सामान, सुटे पैसे, कागदपत्रांची पिशवी, एक जोड कपडे, अंगावर घ्यायला काहीतरी, साबण, सॅनिटरी पॅड, बाळ असेल तर डायपर. चष्म्याचा नंबर मोठा असेल तर जुना का होईना, दुसरा चष्मा ठेवा. शिट्टीचं अनेकांना आश्चर्य वाटतं. ढिगाऱ्याखाली किंवा धुरात अडकलेल्या माणसाचा ओरडून आवाज बसतो, धूळ घशात जाते. शिट्टी मात्र शक्ती उरलेली नसतानाही वाजवता येते. रोख पैसे कशाला, तर वीज आणि नेटवर्क गेलं की कार्डही चालत नाही आणि फोनवरून पैसेही देता येत नाहीत.

टॉर्चचे सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नका. आमची टॉर्च अशीच दोन वर्षं कपाटात होती. गरज पडली तेव्हा मागचं झाकण फिरेना. जोर लावून उघडलं तर आत पांढरी भुकटी साचलेली, स्प्रिंग हिरवी पडून गळून गेलेली आणि सेल नळीला चिकटून बसलेले. आता सेल वेगळ्या पाकिटात असतात आणि ते पाकीट टॉर्चला रबर लावून बांधलेलं असतं.

मेणबत्त्या ठेवू नका असं मी आग्रहाने सांगते. अंधार, पडलेलं सामान, घाबरलेली मुलं आणि त्यात उघडी ज्योत! गॅस गळत असेल तर एक काडीही पुरे.

कागदपत्रांचं काय करायचं?

ओळखपत्रं, घराची कागदपत्रं किंवा भाडेकरार, विम्याच्या पॉलिसी, बँकेचे तपशील, गुणपत्रिका, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती झिप लावायच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून बॅगेत ठेवा. एक संच दुसऱ्या गावातल्या विश्वासू नातेवाइकाकडे द्या, आणि फोटो काढून ते पासवर्ड लावून ऑनलाइन साठवा. शिवाय घरातल्या प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. विम्याचा दावा करताना काय काय होतं हे आठवत बसावं लागत नाही.

रोजची औषधं चालू असलेल्यांनी काय करावं?

किमान आठवडाभराची औषधं जादा हवीत. डॉक्टरांना तसं सांगून लिहून घ्या. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, ॲलर्जी आणि रक्तगट एका कागदावर लिहून तो कागद बॅगेत ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी एकदा वाचून दाखवा. "ती सकाळची पिवळी गोळी" एवढ्या माहितीवर परक्या डॉक्टरला काही करता येत नाही.

इन्सुलिन घेत असाल तर वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे ३० अंश सेल्सिअसखाली फ्रिजबाहेर चालते. नेमका काळ आपल्या औषधाच्या पत्रकात बघून आत्ताच लिहून ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही. ऑक्सिजन यंत्र किंवा विजेवर चालणारं दुसरं उपकरण असेल तर वीज गेल्यावर कुठे जायचं, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवा. मोठा इशारा मिळाला तर अशा घरांनी शेवटपर्यंत वाट न बघता आधीच हलावं.

सगळे वेगवेगळ्या ठिकाणी असताना काही झालं तर?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि बहुतेक घरांत त्यावर कधी बोलणंच झालेलं नसतं.

भेटायच्या दोन जागा ठरवा. एक घरासमोरच, आगीसारख्या प्रसंगी. दुसरी परिसराबाहेर, घरापर्यंत जाता आलं नाही तर. "मैदानावर" असं नको, "मैदानाच्या पाण्याच्या टाकीखाली" असं ठरवा. मग दूरच्या गावातला एखादा नातेवाईक निवडा, ज्याला प्रत्येकाने आपली खबर द्यायची. आपत्तीत गावातल्या गावात फोन लागत नाही, पण बाहेरगावी कित्येकदा लागतो. कॉल नाही लागला तर साधा एसएमएस करा. त्याला फार थोडी जागा लागते आणि वाट मिळेल तेव्हा तो जातो. त्या नातेवाइकाचा आणि घरातल्या एकाचा, असे दोन नंबर प्रत्येकाला पाठ हवेत, कारण फोन बंद पडला की त्यातले नंबरही गेले. नेटवर्कच नसेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर सिग्नल शोधण्यातच बॅटरी संपते.

आणि हेही ठरवा की कोणी कोणाला शोधायला धोक्यात परत जायचं नाही. जपानच्या किनाऱ्यावर 'तेन्देन्को' असा एक शब्द आहे. त्सुनामीत ज्याने त्याने वेळ न दवडता उंचावर पळायचं, असा त्याचा अर्थ. ऐकायला कठोर वाटतं, पण त्याच्या मुळाशी विश्वास आहे: आईही पळाली असेल, मूलही पळालं असेल, एकमेकांसाठी थांबून दोघंही बुडणार नाहीत. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत कामाईशी शहरात शाळेत असलेली जवळपास ३,००० मुलं वाचली. त्यांना हे वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं. मोठ्या मुलांनी धावता धावता वाटेतल्या लहानग्यांचे हात धरून त्यांनाही वर नेलं. हा विश्वास त्या दिवशी अचानक आला नव्हता, तो आधीच्या बोलण्यातून आला होता.

भूकंपात दाराच्या चौकटीत उभं राहायचं ना?

नाही. हा सल्ला जुन्या मातीच्या घरांवरून आला आहे. आजच्या घरात चौकट इतर भागापेक्षा मजबूत नसते, आणि आपटणारं दार बोटं चिरडतं ते वेगळंच. आहात तिथेच गुडघ्यांवर खाली या, भक्कम टेबलाखाली शिरून मान आणि डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. टेबल सरकलं तर त्याच्यासोबत सरका. अंथरुणात असाल तर तिथेच पालथे पडून उशीने डोकं झाका. हादरे चालू असताना जिन्याकडे धावू नका. बाहेर असाल तर इमारती, तारा आणि झाडांपासून लांब उघड्यावर जा.

हादरे थांबल्यावर गॅस बंद करा. १ सप्टेंबर १९२३ ला जपानच्या कांतो भागात दुपारी १२ ला दोन मिनिटं कमी असताना मोठा भूकंप झाला. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. एक लाखाहून अधिक माणसं गेली आणि त्यांतली बहुसंख्य आगीत.

आधी करायचं ते थोडं आणि सोपं: उंच कपाटं भिंतीला पट्टीने आवळून टाका, पलंगाच्या डोक्याशी जड फोटो किंवा आरसा लावू नका, आणि पलंगाखाली चप्पल-बूट ठेवा. फुटलेल्या काचांवर अनवाणी पाय पडला की तुम्ही कोणाच्याच मदतीला जाऊ शकत नाही.

पुराचं पाणी घोट्याएवढंच असेल तर चालत जायला काय हरकत आहे?

वाहतं पाणी असेल तर जाऊ नका. पंधरा सेंटिमीटर वेगवान पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. तीस सेंटिमीटर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते आणि साठ सेंटिमीटरमध्ये मोठ्या गाड्याही वाहून जातात. शिवाय पाण्याखाली रस्ता उरलाय का, गटाराचं झाकण जागेवर आहे का, तुटलेली तार पडलीय का, हे वरून दिसत नाही. "रोजचाच रस्ता आहे" या भरवशावर माणसं जीव गमावतात. घर सोडायला सांगितलं असेल तर उजेडातच निघा.

गॅसचा वास आला तर पहिलं काय करायचं?

कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका, जळतं तेल भडका होऊन उसळतं. गॅस बंद करून झाकण सरकवा आणि गार होईपर्यंत उचलू नका. घरात आग पसरली तर वाकून, जमिनीलगत राहून बाहेर पडा, बाहेर पडताना आपल्यामागे दार ओढून घ्या, लिफ्ट वापरू नका आणि कशासाठीही परत आत जाऊ नका. भाजलं तर वीस मिनिटं साधं गार वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेल-तूप नको.

वीज नसताना घरात जनरेटर किंवा शेगडी चालवली तर चालेल?

नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा. वादळ सोसून वाचलेल्या घरांत त्यानंतरच्या रात्री असे मृत्यू होतात, म्हणून हे जीव तोडून सांगावंसं वाटतं.

मुलांना हे सगळं सांगितलं तर ती घाबरणार नाहीत का?

न सांगितलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. इंडोनेशियात सिमेउलुए नावाचं बेट आहे. तिथे १९०७ मध्ये त्सुनामी आली आणि बरीच माणसं गेली. त्यानंतर तिथल्या म्हाताऱ्यांनी नातवंडांना एक गोष्ट सांगायला सुरुवात केली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरकला तर 'स्मोंग' (तिथल्या भाषेत त्सुनामी) येतो, डोंगराकडे पळा. हे गोष्टींतून आणि गाण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भूकंपाच्या केंद्राजवळ असूनही त्या सुमारे ७८,००० वस्तीच्या बेटावर जेमतेम सात माणसं दगावली.

तुमच्या घरातही गोष्टीसारखंच सांगा. लहानग्यांना एखादं काम द्या: शिट्टी तू सांभाळायचीस, टॉर्च तू आणायचीस. काम असलं की मूल कमी घाबरतं. सराव दिवसा करा, मग एकदा रात्री दिवे बंद करून करा.

आजी-आजोबा जिना उतरू शकत नसतील तर?

कोण उचलणार, हे नावानिशी ठरवा, आणि तो घरी नसेल तर दुसरा कोण हेही. त्यासाठी शेजाऱ्यांशी आजच बोला. मोठ्या आपत्तीत पहिला हात शेजाऱ्याचाच मिळतो. कानाचं यंत्र, त्याचे सेल, काठी, चष्मा, कवळी रात्री एकाच ठरलेल्या जागी ठेवायची सवय लावा. आणि त्यांना निर्णयातून वगळू नका. आधीचे पूर, आधीची वादळं त्यांनी पाहिलेली असतात, पाणी कोणत्या बाजूने शिरतं हे त्यांना ठाऊक असतं.

पाळीव प्राण्यांचं?

त्यांचं खाणं, पाणी, दोरी किंवा पिंजरा बॅगेशेजारी ठेवा. काही निवाऱ्यांत प्राणी घेत नाहीत, तेव्हा कुठे ठेवता येतील ते आधी विचारून ठेवा. बांधून मागे सोडू नका.

तयारी किती वेळा तपासायची?

सहा महिन्यांनी एकदा, लक्षात राहील अशी तारीख धरून. पाणी बदला, औषधांच्या आणि खाण्याच्या मुदती बघा, पॉवर बँक चार्ज करा, मुलांचे कपडे अजून होतात का ते बघा. पॉवर बँक पडून पडूनही उतरते, ती तीन महिन्यांनी बघितली तर उत्तम. आणि दर वेळी तपासणारा माणूस बदला.

पूर ओसरल्यावर घरात शिरताना काय बघायचं?

दिवसा जा. भिंतींना नव्या भेगा आहेत का, छत खाली आलंय का, गॅसचा वास येतोय का, हे बाहेरूनच बघा. जाड तळाचे बूट आणि हातमोजे घाला. चिखलात काचा, खिळे आणि साप असू शकतात. भिजलेली वायरिंग आणि उपकरणं जाणकाराने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. पुराचं पाणी लागलेलं अन्न, औषधं, अगदी झाकण फिरवून बंद केलेल्या बाटल्याही टाकून द्या, कारण त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. अंगावर जखम असेल तर झाकून मगच चिखलात उतरा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. त्यानंतर ताप आला, अंग दुखायला लागलं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा, लेप्टोस्पायरोसिसचं (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या आजाराचं) निदान त्यावरून लवकर होतं.

काहीही हलवण्याआधी फोटो काढा. भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं त्या रेषेचाही काढा, आणि पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. पुढच्या वेळी मेन स्विचची पेटी आणि कागदपत्रं किती उंचीवर हवीत, ते या खुणेवरून ठरवता येईल.